ट्यूनाचे बेट आणि फ्लोरिओ घराणे

सिसिलीच्या पश्चिम टोकाला, त्रापानी शहरासमोर, एगादी नावाचा छोटा द्वीपसमूह आहे. फाविन्याना, लेवान्झो आणि मारेत्तिमो ही त्यातली वस्तीची तीन बेटे. फाविन्याना सर्वांत मोठे, पण त्याचेही क्षेत्रफळ जेमतेम वीस चौरस किलोमीटर. १८७४ साली पालेर्मोचा उद्योगपती इन्यात्सिओ फ्लोरिओ याने ही बेटे भोवतालच्या समुद्रातील मासेमारीच्या हक्कांसह विकत घेतली. त्याच्या पाऊणशे वर्षे आधी त्याचे आजोबा पालेर्मोच्या बंदराजवळ मसाल्याचे छोटे दुकान थाटायला इटलीच्या दक्षिण किनाऱ्यावरून आले होते. पुढे जेमतेम दोन पिढ्यांत बेटे घराण्याच्या हातून गेली आणि १९५९ मध्ये फ्लोरिओ नाव चालवणारा शेवटचा पुरुषही निवर्तला.

चार पिढ्यांची ही कथा इटलीत बहुतेकांना ठाऊक आहे. तिच्यावर कादंबऱ्या झाल्या, दूरचित्रवाणी मालिका झाली. एक पिढी कमावते, दुसरी वाढवते आणि तिसरी उडवते, हे जगभर ऐकू येणारे सूत्र या घराण्यालाही सर्रास लावले जाते. प्रत्यक्षात फ्लोरिओंच्या उदयास्तामागे सिसिलीच्या अर्थव्यवस्थेचा चढउतार होता, आणि त्यांच्या वैभवाचा एक मोठा खांब फाविन्यानाच्या कोळ्यांच्या पिढीजात कौशल्यावर उभा होता. घराण्याची आणि बेटाची कथा एकत्र वाचली तरच दोन्ही नीट उलगडतात.

फ्लोरिओंच्या आधीचे बेट

फाविन्यानाचा नकाशा पंख पसरलेल्या फुलपाखरासारखा दिसतो. मधोमध उत्तर-दक्षिण गेलेली डोंगराची धार आहे, तिच्या माथ्यावर सांता कातेरिना हा किल्ला आहे आणि दोन्ही अंगांना सपाट जमीन आहे. पूर्वेकडच्या सपाटीत मऊ, पिवळसर चुनखडीचा दगड मिळतो. शतकानुशतके तो चौकोनी चिऱ्यांच्या रूपात कापून सिसिलीत आणि उत्तर आफ्रिकेच्या किनाऱ्यावर पाठवला जाई. खाणींमुळे जमिनीत खोल, सरळ भिंतींचे खड्डे पडले. वाऱ्यापासून आडोसा मिळत असल्याने बेटवासीयांनी अशा खड्ड्यांत लिंबू, संत्री आणि अंजिराच्या बागा लावल्या. त्या आजही पाहायला मिळतात.

या समुद्राला इतिहासही मोठा आहे. इ. स. पू. २४१ मध्ये रोम आणि कार्थेज यांच्यातील पहिल्या प्यूनिक युद्धाचा निकाल एगादी बेटांजवळच्या आरमारी लढाईत लागला. शत्रूच्या गलबतावर धडक मारण्यासाठी नाळेवर बसवलेली त्या काळची काशाची जड टोके अलीकडच्या दशकांत समुद्रतळातून वर काढण्यात आली आहेत. शेजारच्या लेवान्झो बेटावरील जेनोवेझे गुहेत अश्मयुगीन कोरीवकाम आणि नंतरच्या काळातील चित्रे आहेत. त्या चित्रांत ट्यूना मासाही आहे. म्हणजे या बेटांवरचा माणूस आणि हा मासा यांचे नाते लिखित इतिहासाहूनही जुने आहे.

कोकणात ज्याला कुपा म्हणतात त्याच्याच कुळातला, पण आकाराने कितीतरी मोठा असा निळ्या परांचा ट्यूना दर वसंतात अटलांटिकमधून जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीतून भूमध्य समुद्रात अंडी घालायला येतो. पूर्ण वाढलेला मासा दोनशे-तीनशे किलोंचा असतो, कधी त्याहूनही जड. त्याच्या थव्यांची वाट एगादी बेटांना लागून जाते. सिसिलीवर नवव्या शतकापासून अरबांची सत्ता आली आणि स्थिर जाळ्यांनी ट्यूना पकडण्याची पद्धत तेथे जोमाने वाढली. या मासेमारीच्या मुख्य सूत्रधाराला आजही राईस या अरबी नावानेच ओळखतात.

सतराव्या शतकात स्पेनच्या राजाने ही बेटे जेनोवातील पाल्लाविचिनी या सरदार घराण्याला विकली. पुढची दोनशेहून अधिक वर्षे मालकी त्यांचीच राहिली. ते स्वतः मासेमारी करत नसत. ट्यूना पकडण्याचा हक्क ते भाडेपट्ट्याने देत. बेटावरच्या किल्ल्यांचा उपयोग तुरुंग म्हणून होई आणि नेपल्सच्या बोर्बोन राजांनी तेथे राजकीय कैदीही डांबले होते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बाहेरच्या जगाला फाविन्याना ठाऊक होते ते मासा, दगड आणि तुरुंग यांसाठी.

बान्याराहून पालेर्मोला

फ्लोरिओ मूळचे सिसिलीचे नव्हते. इटलीच्या मुख्य भूमीच्या दक्षिण टोकाला, कालाब्रिया प्रांतात, बान्यारा हे किनाऱ्यावरचे गाव आहे. १७८३ च्या भूकंपांनी हा सारा प्रदेश उद्ध्वस्त केला. अशा गावातून पाओलो आणि इन्यात्सिओ हे दोन फ्लोरिओ भाऊ १७९९ मध्ये पालेर्मोला आले. त्यांनी बंदराजवळच्या माटेरास्साई गल्लीत मसाले आणि औषधी द्रव्यांचे दुकान काढले. त्याच वर्षी पाओलोला मुलगा झाला होता. त्याचे नाव विन्चेन्झो.

दुकानातला सर्वांत महत्त्वाचा माल होता सिंकोना झाडाची साल. मलेरियाने गांजलेल्या सिसिलीत तापावरचे तेच एक खात्रीचे औषध होते. या झाडाखाली झऱ्याचे पाणी पिणारा, तापाने फणफणलेला सिंह हे पुढे घराण्याचे बोधचिन्ह झाले. सरदारांची मानचिन्हे लढायांची आठवण सांगत; फ्लोरिओंचे चिन्ह त्यांच्या दुकानातल्या मालाची आठवण सांगत राहिले.

पाओलो १८०७ मध्ये वारला तेव्हा विन्चेन्झो आठ वर्षांचा होता. काका इन्यात्सिओने त्याला मुलासारखे वाढवले, दुकान मोठे केले आणि पुतण्याला व्यापार शिकवला. १८२८ मध्ये काका गेल्यावर सारा कारभार विन्चेन्झोकडे आला. फ्लोरिओंची पहिली पिढी अशी दोन भावांची आहे. कीर्ती पुढच्यांना मिळाली, पण हिशेबाची शिस्त आणि बाजारातली पत या दोघांनी कमावली.

विन्चेन्झोचा काळ

विन्चेन्झो फ्लोरिओ हा या कथेतला सर्वांत कर्तबगार पुरुष. सिंकोनाची साल हाताने कुटण्याऐवजी त्याने इंग्लंडहून दळण्याचे यंत्र आणले. भुकटी लवकर, बारीक आणि स्वस्त मिळू लागली. पालेर्मोचे पिढीजात औषधविक्रेते यावर चिडले, पण गिऱ्हाईक विन्चेन्झोकडे वळले. परदेशातले तंत्र आणायचे, स्थानिक मालाला लावायचे आणि प्रस्थापितांचा विरोध सोसायचा, ही त्याची रीत पुढे प्रत्येक धंद्यात दिसली.

सिसिलीच्या पश्चिम किनाऱ्यावर मार्साला येथे होणारी मद्यार्क मिसळून टिकाऊ केलेली वाइन अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून इंग्रज व्यापारी बाहेर नेत होते. वुडहाउस आणि इंगहॅम या दोन इंग्रज पेढ्यांची तेथे मक्तेदारीच होती. १८३० च्या दशकाच्या सुरुवातीला विन्चेन्झोने त्यांच्या कोठारांच्या मधल्या जागेत स्वतःची कोठारे बांधली. १८४१ मध्ये त्याने पालेर्मोला ओरेतेआ हा लोखंडाचा ओतीव कारखाना घेतला. गंधकाच्या व्यापारात तो होताच. त्याच्या जोडीला आगबोटी आल्या. इटलीच्या एकीकरणानंतर सरकारी टपाल वाहून नेण्याची कंत्राटे मिळाली आणि त्यांच्या अनुदानावर फ्लोरिओंची जहाज कंपनी फोफावली. १८६४ मध्ये तो नव्या राज्याचा सिनेटरही झाला.

मासेमारीतही त्याने हात घातला होता. पालेर्मोजवळच्या आरेनेल्ला येथील ट्यूनाचा ठेका त्याने घेतला आणि तेथे चार टोकदार सुळक्यांचा राहता वाडा बांधवला. १८४० च्या दशकात फाविन्यानाची मासेमारी त्याने भाडेपट्ट्याने चालवली. बेटाशी फ्लोरिओंचा संबंध येथून सुरू होतो, मालक म्हणून नव्हे तर भाडेकरू म्हणून.

त्याच्या घरची हकिगतही या गाथेचा भाग आहे. मिलानच्या व्यापारी कुटुंबातील जूलिया पोर्तालुपी हिच्याशी त्याचे संबंध लग्नाविना सुरू झाले. दोन मुली झाल्या, १८३८ मध्ये मुलगा झाला आणि त्यानंतर १८४० मध्ये लग्न झाले. पैसा कितीही आला तरी पालेर्मोच्या सरदारांच्या लेखी विन्चेन्झो अखेरपर्यंत दुकानदारच राहिला. तो सल त्याच्या मुलाने दूर केला. १८६८ मध्ये विन्चेन्झो वारला, तेव्हा हा मुलगा, म्हणजे दुसरा इन्यात्सिओ, तीस वर्षांचाही नव्हता. दोनच वर्षांपूर्वी त्याचे लग्न जोव्हान्ना द'ओन्देस त्रिगोना या खानदानी घराण्यातल्या मुलीशी झाले होते.

बेटाची खरेदी

इन्यात्सिओ थंड डोक्याचा आणि मोजके बोलणारा होता. त्याने वडिलांच्या धंद्यांची घडी बसवली. १८८१ मध्ये त्याची जहाज कंपनी जेनोवाच्या रुबात्तिनो कंपनीशी एकत्र येऊन इटलीची सर्वांत मोठी जहाज कंपनी जन्मली. सिसिलीचे स्थलांतरित ज्या आगबोटींनी अमेरिकेला गेले त्यांपैकी अनेक याच कंपनीच्या होत्या.

१८७४ मधली एगादी बेटांची खरेदी हा त्याचा सर्वांत धाडसी निर्णय. पाल्लाविचिनी घराण्याला त्याने सुमारे २७ लाख लिरा मोजले. तेव्हा इतर उद्योगपती गिरण्यांत आणि रेल्वेत पैसे गुंतवत होते. समुद्रातल्या माशाच्या भरवशावर एवढी रक्कम लावणारा दुर्मीळ होता. इन्यात्सिओचा हिशेब मात्र पक्का होता. भाडेकरू चालू हंगामापुरता विचार करतो, मालक वीस वर्षांचा करतो. मासा पकडण्यापासून तो डबाबंद करून जहाजाने परदेशी पाठवण्यापर्यंत सगळी साखळी एकाच घराच्या हाती आली, तर प्रत्येक टप्प्यावरचा नफा घरातच राहणार होता. जहाजे त्याची होती आणि पत्रा व यंत्रे दुरुस्त करणारा ओतीव कारखानाही त्याचाच होता.

वास्तुविशारद जुझेप्पे दामियानी आल्मेयदा याने बंदरावर फ्लोरिओंचा वाडा बांधला आणि समोरच्या किनाऱ्यावरचा कारखाना वाढवला. वाडा १८७८ पर्यंत उभा राहिला. धंदा चालतो ती जागा मालकाच्या डोळ्यांसमोर असावी अशीच ही मांडणी होती. मधे फक्त बंदराचे पाणी.

जाळे आणि राईस

ट्यूना पकडण्याच्या स्थिर जाळ्यांच्या रचनेला तोन्नारा म्हणतात. पालघर-रायगडच्या किनाऱ्यावर कोळी समुद्रतळाशी बांधून जशी डोल जाळी लावतात, तसेच हेही जाळे जागचे हलत नाही. मासाच त्याच्याकडे येतो. फरक आहे तो आकाराचा. किनाऱ्यापासून समुद्रात काटकोनात गेलेली एक लांबलचक जाळ्याची भिंत थव्याची वाट अडवते. वाट अडली की ट्यूना खोल पाण्याकडे वळतो. तेथे जाळ्यांचीच दालने ओळीने उभी केलेली असतात. एका दालनातून दुसऱ्यात जाणारी जाळ्याची दारे माणसे वरून उघडतात आणि बंद करतात. आधीच्या दालनांना तळ नसतो. तळाला जाळे असते ते फक्त शेवटच्या दालनाला, आणि त्याला मृत्यूचे दालन असेच म्हणतात.

एप्रिलच्या सुमारास जाळी समुद्रात उतरू लागत. शेकडो नांगर, किलोमीटरच्या हिशेबाने दोरखंड आणि बुचाचे तरंगे जागच्या जागी बसवायला कित्येक आठवडे लागत. पूर्वी दोर आणि जाळी एका चिवट गवताची असत, पुढे काथ्याची आली. जाळे कोठे टाकायचे, प्रवाह कसा आहे, थवा किती मोठा आहे आणि दारे केव्हा उघडायची, हे सारे राईस ठरवी. त्याचा शब्द समुद्रावर अखेरचा असे. मालकही त्यात ढवळाढवळ करत नसे. ही विद्या बापाकडून मुलाकडे किंवा काकाकडून पुतण्याकडे जाई आणि कोठे लिहून ठेवलेली नसे.

मे-जूनमध्ये पुरेसे मासे शेवटच्या दालनात आले, वारा पडला आणि समुद्र निवळला, की राईस दिवस जाहीर करी. लांब काळ्या नावा दालनाभोवती चौकोनात उभ्या राहत. राईस आपल्या छोट्या होडीतून मधोमध जाई. माणसे तळाचे जाळे एका तालात वर ओढू लागत. एक जण गाण्याची ओळ म्हणे, बाकीचे ध्रुवपद उचलत. चालोमा नावाची ही श्रमगीते अरबी वळणाची होती आणि त्यांत संतांची नावेही होती. जाळे वर येत गेले की पाणी उथळ होई, मासे पृष्ठभागावर उसळू लागत, फेसाबरोबर रक्त मिसळे. सात-आठ जणांचा जथा लांब दांड्यांच्या आकड्यांनी एकेक मासा नावेच्या काठावर घेई. मासा आत पडताना अंगाखाली सापडला तर माणसाचे हाड मोडे. या दिवसाला मात्तान्झा म्हणतात. पाहणाऱ्याला तो क्रूर वाटतो, आणि तो तसा होताही. पण मासा वाटेने येईल तेवढाच मिळे. उरलेला थवा पुढे निघून जाई. म्हणूनच ही पद्धत शेकडो वर्षे टिकली आणि मासाही टिकला.

कारखान्याच्या आत

फ्लोरिओंआधी बहुतेक ट्यूना मिठात घालून पिंपांत भरत. फाविन्यानाच्या कारखान्याने शिजवलेला ट्यूना ऑलिव्ह तेलात घालून पत्र्याच्या डब्यांत बंद करण्याचे काम मोठ्या प्रमाणावर सुरू केले. मासा यामुळे जास्त टिकू लागला, त्याची चव राखली गेली आणि तो दूरच्या बाजारात पोचू लागला. १८९१-९२ मध्ये पालेर्मोत भरलेल्या राष्ट्रीय प्रदर्शनात फ्लोरिओंनी किल्ली फिरवून उघडता येणारे डबे मांडले होते.

सुमारे ३२ हजार चौरस मीटरचा हा परिसर म्हणजे एक छोटे गावच होते. समुद्राकडे कमानींची भव्य दालने होती. मासेमारी नसताना नावा त्यांत ओढून ठेवत. मासा धक्क्यावर उतरला की डोके आणि आतडी काढून धड उलटे टांगत, म्हणजे रक्त निथळून जाई. रांगेने टांगलेल्या धडांमुळे या जागेला कामगार रान म्हणत. पुढे तुकडे मोठ्या कढयांत उकळत. त्यांखालच्या भट्ट्यांच्या तीन उंच धुराडी आजही बेटावर दुरून दिसतात. उकळलेले मांस निथळून, सुकवून स्त्रिया डब्यांत बसवत. त्यावर तेल ओतत, झाकण डाग देऊन बंद करत आणि डबा पुन्हा गरम पाण्यात तापवत. कामावर येणाऱ्या आयांच्या मुलांसाठी कारखान्यात पाळणाघर होते. त्या काळच्या उद्योगात ही सोय अपवादानेच दिसे.

माशाचा कोणताही भाग वाया जात नसे. अंड्यांच्या पिशव्या मिठात दाबून सुकवत. पोटाकडचा चरबीचा भाग वेगळा काढत, कारण त्याला सर्वांत जास्त भाव होता. काळपट मांस आणि आतले अवयव खारवून गरिबांच्या ताटात जात. डोकी, हाडे आणि गाळ यांपासून तेल आणि खत निघे.

बेटासाठी हा कारखाना म्हणजे पोट होते. पण त्याची दुसरी बाजूही ध्यानात घ्यायला हवी. जमीन, समुद्र, कारखाना आणि बाजारपेठ यांचा मालक एकच असल्याने कामगाराला दुसरीकडे जायला वाव नव्हता. काम हंगामी होते. उरलेले महिने माणसे खाणीत दगड कापत, थोडी शेती करत किंवा किनाऱ्याजवळ लहान मासे धरत. भागेना तेव्हा घरे सोडून जात, काही ट्युनिशियाला, काही अमेरिकेला. मारेत्तिमोच्या कोळ्यांची वस्ती तर कॅलिफोर्नियातील मॉन्टेरी बंदरात उभी राहिली आणि तेथल्या सार्डिन मासेमारीत ती नावाजली. हीही बेटावरची अनेक पिढ्यांची गाथाच आहे.

चौथी पिढी

इन्यात्सिओ १८९१ मध्ये बावन्नाव्या वर्षी वारला. थोरला मुलगा विन्चेन्झो बालपणीच गेला होता. साऱ्या उद्योगांचा भार विशीतल्या दुसऱ्या मुलावर, म्हणजे तिसऱ्या इन्यात्सिओवर आला. १८९३ मध्ये त्याने फ्रांका याकोना दि सान जूलियानो हिच्याशी लग्न केले. सरदार घराण्यातली, विलक्षण देखणी फ्रांका युरोपच्या राजेरजवाड्यांत प्रसिद्ध झाली. चित्रकार जोव्हान्नी बोल्दिनीने तिचे व्यक्तिचित्र रंगवले, तिच्या मोत्यांच्या माळांच्या दंतकथा झाल्या. जर्मन सम्राट दुसरा विल्हेल्म पालेर्मोला आला की फ्लोरिओंचा पाहुणचार घेई.

या पिढीने फक्त पैसे उधळले, हे म्हणणे अन्यायाचे होईल. १८९७ मध्ये पूर्ण झालेल्या पालेर्मोच्या तेआत्रो मास्सिमो या भव्य नाट्यगृहाला फ्लोरिओंचे पाठबळ होते. क्षयरोग्यांच्या आरोग्यधामासाठी योजलेली व्हिला इजेआ ही समुद्रकाठची वास्तू वास्तुविशारद एर्नेस्तो बाझिले याने घडवली आणि अखेर ती आलिशान हॉटेल झाली. १९०० मध्ये ‘लोरा’ हे दैनिक निघाले. पालेर्मोत जहाजबांधणीचा कारखानाही याच काळात उभा राहिला. धाकटा भाऊ विन्चेन्झो मोटारींचा वेडा होता. त्याने १९०६ मध्ये मादोनिए डोंगरातल्या रस्त्यांवर तार्गा फ्लोरिओ ही शर्यत सुरू केली. जगातल्या सर्वांत जुन्या मोटार शर्यतींपैकी ती एक.

घरात मात्र आघातांवर आघात होत होते. १९०२-०३ च्या अल्पावधीत फ्रांकाची तीन मुले गेली: थोरली मुलगी जोव्हान्ना, एकुलता मुलगा इन्यात्सिओ आणि एक नवजात मुलगी. पुढे इजेआ आणि जूलिया या दोन मुली मागे राहिल्या. कर्जाच्या ओझ्याआधीच घराण्याला पुरुष वारस उरला नव्हता.

पडझड कशामुळे

फ्लोरिओंच्या ऱ्हासाची कारणे वाड्यातल्या मेजवान्यांपेक्षा बाहेर जास्त सापडतात. १८९३ च्या बँकिंग संकटात क्रेदितो मोबिल्यारे ही बँक बुडाली. तिच्याशी जोडलेल्या फ्लोरिओंना मोठा फटका बसला. जहाज कंपनीचे वजन हळूहळू जेनोवाकडे सरकले, कारण नव्या इटलीचे उद्योग, बँका आणि सत्तेचे वर्तुळ उत्तरेत एकवटत होते. टपालाच्या कंत्राटांवर उभी असलेली कंपनी सरकारच्या मर्जीवर चाले, आणि ती मर्जी पालेर्मोकडून हटली. फिलॉक्सेरा किडीने सिसिलीचे द्राक्षमळे नासवले. अमेरिकेत गंधक काढण्याची स्वस्त पद्धत निघताच सिसिलीच्या गंधकाची मक्तेदारी मोडली. वाइन, गंधक आणि जहाजे या तिन्ही खांबांना एकाच पिढीच्या काळात तडे गेले.

अशा वेळी खर्च आवरायला आणि धंदे कमी करायला हवे होते. तिसऱ्या इन्यात्सिओने नवे उद्योग काढले, जुने जीवनमान टिकवले आणि दोन्हीसाठी कर्ज काढले. ही चूक त्याची होती. पण त्याच्या आजोबांनी ज्या सिसिलीत पैसा केला ती सिसिली आता उरली नव्हती, हेही तेवढेच खरे. जहाज कंपनीतला हिस्सा विकला गेला. १९२० च्या दशकात मार्सालाची कोठारे चिन्झानो कंपनीकडे गेली. शेजारच्या त्या दोन इंग्रज पेढ्याही तिच्याच पंखाखाली आल्या. १९३० च्या दशकात फ्रांकाचे दागिने आणि घरातल्या वस्तूंचे लिलाव झाले आणि फाविन्यानाची मासेमारी जेनोवाच्या पारोदी कुटुंबाच्या हाती गेली. फ्रांका १९५० मध्ये, इन्यात्सिओ १९५७ मध्ये आणि निःसंतान विन्चेन्झो १९५९ मध्ये वारला. रक्ताचा वारसा मुलींकडून पुढे गेला. नाव मात्र तेथेच थांबले.

फ्लोरिओंनंतरचे फाविन्याना

मालक बदलले तरी कारखाना चालू राहिला आणि १९७० च्या दशकाच्या अखेरीला बंद पडला. जाळी टाकणे त्यानंतरही सुरू होते. पण मोठ्या यांत्रिक नौका थव्यांना खुल्या समुद्रातच घेरू लागल्या. जपानमधून ट्यूनाला प्रचंड भाव मिळू लागला आणि मासा बेटापर्यंत पोचेनासा झाला. आंतरराष्ट्रीय पातळीवर पकडीच्या मर्यादा ठरल्या तेव्हा त्या लहान, पारंपरिक जाळ्यांनाही लागू झाल्या. फाविन्यानाची शेवटची मात्तान्झा २००७ मध्ये झाली. बेटाचा अखेरचा राईस जोआक्कीनो कातालदो २०१८ मध्ये वारला. त्याच्याबरोबर ती विद्याही संपली असे म्हणायला हरकत नाही, कारण वापर थांबला की अशी विद्या दुसऱ्या पिढीत उतरत नाही.

सिसिलीच्या प्रादेशिक सरकारने १९९१ मध्ये कारखाना विकत घेतला आणि दीर्घ डागडुजीनंतर तेथे संग्रहालय उघडले. जुन्या नावा, नांगर, कढया आणि भट्ट्या जागच्या जागी आहेत. एका दालनात तेथे काम केलेल्या स्त्रीपुरुषांच्या चित्रित आठवणी ऐकता येतात. दुसऱ्या दालनात प्यूनिक युद्धाच्या काळातले जहाजांचे अवशेष ठेवले आहेत. बेटाचे पोट आज मुख्यतः पर्यटनावर चालते.

फ्लोरिओंना नव्याने प्रसिद्धी दिली ती स्तेफानिया आऊची यांच्या कादंबऱ्यांनी. फाविन्यानाच्या समोरच्याच त्रापानीत १९७४ मध्ये जन्मलेल्या आऊची यांची ‘इ लेओनी दि सिचीलिया’ ही कादंबरी २०१९ मध्ये आली. तिच्यात १७९९ ते १८६८ हा काळ येतो. १८६८ ते १९५० या काळावरचा दुसरा भाग २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. अनेक भाषांत अनुवाद झाले आणि २०२३ मध्ये पाओलो जेनोवेझे यांच्या दिग्दर्शनाखाली मालिका आली. लेखिकेने कागदपत्रांतून मिळालेला इतिहास आणि कल्पनेने रंगवलेले संवाद एकत्र विणले आहेत. त्यामुळे कादंबरीतले प्रत्येक वाक्य इतिहास मानता येत नाही. पण व्यक्ती, धंदे आणि सनावळी यांचा सांगाडा खरा आहे.

फ्लोरिओंच्या गाथेत वाडे, मोती आणि राजेरजवाडे सहज डोळ्यांत भरतात. मोजमाप करायचे झाले तर वेगळेच चित्र दिसते. फाविन्यानाची मालकी या घराण्याकडे जेमतेम साठ-सत्तर वर्षे होती. जाळे टाकणाऱ्या आणि ओढणाऱ्या कुटुंबांनी ते काम काही शतके केले. फ्लोरिओंनी या कौशल्याला कारखाना, तेलाचा डबा आणि जगाची बाजारपेठ दिली, हे त्यांचे मोठे कर्तृत्व होय. ते कौशल्य मात्र त्यांनी निर्माण केले नाही, आणि त्यांना ते टिकवताही आले नाही. म्हणून ही कथा वाचणाऱ्याने फ्लोरिओंच्या चार पिढ्यांबरोबर राईसांच्या, खाणकामगारांच्या आणि डबे भरणाऱ्या स्त्रियांच्या पिढ्याही मोजाव्यात. त्यांच्याशिवाय बेटाचा इतिहास अपुरा राहतो आणि घराण्याचाही.